पायाळूचा परवाना

इसवी सन एकोणीसशे एक्क्याण्णवच्या जानेवारी महिन्यात, आखाती युद्धाला नुकतेच तोंड लागले असताना, सौदी अरबस्तानची राजधानी रियाध येथील ओलाया भागात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, श्री. हेमचंद्र दाबके या सुविद्य व सुप्रतिष्ठित गृहस्थाने नसरुद्दीन हमदुले या किराणा दुकानदाराच्या कमरेत लाथ मारली. मारण्यापूर्वी हेमचंद्रांनी त्याची क्षमा मागितली होती आणि लाथ बसल्यावर नसरुद्दीनने त्यांचे मनापासून आभार मानले होते, एवढे आरंभीच नमूद करणे न्यायाचे ठरेल.

हेमचंद्र मूळचे वाईचे. एका बँकेच्या हिशेबतपासणी विभागात ते वरिष्ठ पदावर होते. शब्दाची व्याख्या केल्याशिवाय त्यावर भांडू नये, आणि व्याख्या केल्यावर भांडल्याशिवाय राहू नये, हे त्यांचे जीवनसूत्र होते. अशा निर्मळ आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी जगापासून दडवून ठेवली होती. ते पायाळू होते. मूल डोक्याऐवजी पायांकडून जन्माला आले की त्याला आपल्याकडे पायाळू म्हणतात, आणि अशा माणसाचा पाय कमरेला लागला की भरलेली उसण उतरते, अशी समजूत आहे. हेमचंद्रांचा तिच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. परंतु वाईत त्यांचे सारे बालपण लोकांच्या कमरांना पाय लावण्यात गेले होते. परीक्षेच्या सकाळीदेखील दाराशी कोणीतरी वाकडा होऊन उभा असे. रियाधची नोकरी त्यांनी पत्करली त्याला पुष्कळ कारणे होती. आपण कोणत्या बाजूने जन्मलो हे ओलायात कोणालाच ठाऊक नाही, हे त्यांतले एक.

ते कारण त्या दिवशी नाहीसे झाले. नसरुद्दीनचे दुकान त्याच इमारतीच्या तळाशी होते. युद्धामुळे घरोघरी पाण्याच्या बाटल्यांचा साठा चालला होता, आणि नसरुद्दीन भल्यामोठ्या खोक्यासह दुसऱ्या मजल्यावर आला होता. खोका उंबरठ्यावर ठेवण्यासाठी तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"काय झालं?" हेमचंद्रांनी विचारले.

"चमक भरली साहेब. आता मी असाच. हाजराला सांगा, माझं जेवण जमिनीवरच वाढ म्हणावं."

पोळ्या लाटता लाटता अनुराधाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "अगंबाई, उसण दिसतेय! अहो, मग बघत काय राहिलात? तुम्ही पायाळू ना?"

हेमचंद्रांनी डोळे मिटून घेतले. "अनुराधा, ही गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, असं आपलं ठरलं होतं."

"चारचौघं कुठायत? एकटे नसरुद्दीनभाई आहेत. तेही निम्मे."

जमिनीच्या दिशेने असलेला नसरुद्दीनचा चेहरा उजळला. "साहेब, तुम्ही पायाळू? आमच्या हर्णैला एक हुते, लोक होडीनं यायचे त्यांच्याकडं! आनि तुम्ही इतकी वर्सं माझ्याकडनं पाव नेताय, नि कदी बोल्लात नाय?"

"पाव घेताना जन्माची हकिकत सांगण्याचा प्रसंग येत नाही," हेमचंद्र म्हणाले. "आणि हे बघा, उसण आपल्या वेळेनं भरते आणि आपल्या वेळेनं उतरते. मध्ये माझा पाय आला तर तो निव्वळ योगायोग."

"मग येऊ दे ना योगायोग! मला दुकान उगडायचंय!"

योगायोग आला. नसरुद्दीन सरळ झाला, त्याने दोनदा वाकून पाहिले, आणि तो खोका स्वतःच उचलून स्वयंपाकघरात ठेवून आला.

"कोणाला सांगू नका," हेमचंद्रांनी बजावले.

"कुनाला नाय. फक्त हाजराला."

हाजराला सांगणे आणि रियाधला सांगणे यांत केवळ काही तासांचे अंतर असे. शिवाय काळही अनुकूल होता. शाळा बंद होत्या, विषारी वायूच्या भीतीने जो तो स्टुलावर चढून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावत होता, तांदळाच्या गोणी जिन्यांवरून चढत होत्या, आणि माणसे आतल्या खोल्यांत फरशीवर झोपत होती. क्षेपणास्त्रांनी शहराची जी हानी केली तिची मोजदाद इतरत्र सापडेल. पण त्यांच्या भीतीने शहरातल्या किती कमरा धरल्या, याची कल्पना फक्त हेमचंद्रांना होती. कारण त्या सर्व, दुपारचा नमाज आटोपला आणि बँकेची वेळ संपली की, त्यांच्या जिन्यावर एकामागे एक उभ्या असत.

नकार देऊ शकेल असा माणूस हेमचंद्रांना स्वतःमध्ये सापडला नाही. त्यांनी नियम मात्र केले. पायात धुतलेला मोजा असेल. पैसा घेतला जाणार नाही. आणि प्रत्येकाने आधी शांतपणे ऐकून घ्यावे की या उपचाराला कोणताही शास्त्रीय आधार नाही. मल्याळी ड्रायव्हर, हैदराबादी शिंपी आणि खेडचे दोन सुतार हे प्रास्ताविक मान खाली घालून ऐकत. मान वर होतच नसल्यामुळे त्यांचा इलाज नसे. मग लाथ खाऊन ताठ मानेने निघून जात. पैसे बंद केल्यामुळे लोक खजूर आणू लागले, आणि खजूर आणणाऱ्याला चहा दिल्याशिवाय पाठवणे अनुराधाबाईंना पटेना. थोडक्यात, बसायला खुर्च्या, दाराबाहेर चपलांची रास, आत चहा आणि कोपऱ्यात खजुरांचे डबे, असे त्या घराचे रूप झाले. धंदा म्हणायला फक्त पाटी कमी होती.

ती उणीव समोरच्या उस्मानच्या ध्यानात आली. उस्मान हा मुलतानचा न्हावी. केस कापून झाल्यावर डोके, मान आणि पाठ तेल लावून चोळून देणे हा त्याचा खरा हातखंडा होता, आणि त्या चोळण्याचा रीतसर सरकारी परवाना त्याने मिळवला होता. त्यासाठी तो कचेऱ्यांतून हिंडला होता, त्याने रक्त तपासून घेतले होते, छातीचा फोटो काढून दिला होता. परवाना चौकटीत घालून त्याने आरशाशेजारी टांगला होता, आणि गिऱ्हाइकाला आरशात स्वतःच्या आधी तो दिसत असे. युद्ध सुरू झाले तेव्हा, आता पाठींचा मोसम आला, असे त्याने मनाशी म्हटले होते. मोसम आला, पण रस्ता ओलांडून समोरच्या जिन्यावर गेला. उस्मानने बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, तक्रार केली: अमुक इमारतीत विनापरवाना मालीश चालते.

बातमी नसरुद्दीननेच धापा टाकत वर आणली. "साहेब, मोठा घोळ झाला. उद्या इन्स्पेक्टर येतोय. तुमच्या इकाम्यावर, राहन्याच्या परवान्यावर, धंदा काय लिवलाय?"

"हिशेबनीस."

"झालं! इकाम्यावर एक धंदा नि घरात दुसरा, म्हंजे आदी कफीलाला, तुमच्या बँकेला, फोन, नि मग मुंबईचं तिकीट. एका बाजूचं."

हेमचंद्र मटकन खाली बसले. नोकरी जाणार, हे दुःख होतेच. पण वाईत परतल्यावर कारण काय सांगायचे? अफरातफर केली म्हणून हाकलले, असे म्हटले तर लोक निदान हळहळतील. लाथा मारल्या म्हणून हाकलले, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

"मी बाजू मांडीन," अखेर ते म्हणाले. "मुद्देसूद मांडीन. मला अरबी येत नाही. तुम्ही दुभाषा व्हा. पण नसरुद्दीनभाई, शब्दाला शब्द."

"शब्दाला शब्द," नसरुद्दीनने छातीवर हात ठेवला.

निरीक्षक नबील हा पांढरास्वच्छ झगा घातलेला, अत्यंत सभ्य आणि काहीसा दमलेला तरुण होता. सोबत जागा दाखवायला उस्मान आला होता. नबीलने दाराबाहेरच्या चपला पाहिल्या, खुर्च्या पाहिल्या, खजुरांचे डबे पाहिले, आणि हातातले नियमांचे पुस्तक मांडीवर ठेवून विचारले, "परवाना?"

हेमचंद्र उभे राहिले. रात्रभर त्यांनी घडवलेले वाक्य होते ते. "महाशय, कोणत्याही कृत्याला परवाना लागतो की नाही, हे ठरवण्यापूर्वी ते कृत्य नियमांत वर्णिलेल्या कृत्यात मोडते की नाही, हे ठरवणे क्रमप्राप्त आहे. तेव्हा 'मालीश' या शब्दाची आपल्या पुस्तकात जी व्याख्या दिली असेल ती आपण प्रथम कृपा करून वाचावी, आणि त्या व्याख्येतील प्रत्येक पद माझ्या कृतीला लागू पडते काय, हे पडताळावे."

नसरुद्दीनने घसा खाकरला आणि अरबीत दोन शब्द उच्चारले.

नबीलने हसून मान हलवली. अनुराधाबाईंनी आतून चहाचा ट्रे सरकवला.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" हेमचंद्रांनी संशयाने विचारले.

"'चहा घेणार?' असं."

"मी एवढं बोललो त्याचं?"

"साहेब, सरकारी मानसाशी पैल्यांदा भांडू नये. आदी चहा."

"अहो पण व्याख्या..."

"चहानंतर व्याख्या."

चहानंतर मात्र हाजरा साक्षीदारांना घेऊन आली. ही तिचीच योजना. साहेब अडचणीत आहेत असे कळताच तिने बऱ्या झालेल्या सगळ्या कमरांना निरोप धाडले होते, आणि त्या आता जिन्यावर ताठ उभ्या होत्या.

"एका फटक्यात बरा झालो," मल्याळी ड्रायव्हरने नबीलला सांगितले.

"इस्पितळात गेलो तर गोळ्या दिल्या. इथं आलो, पळत गेलो," शिंपी म्हणाला.

"रोज इतकी माणसं येतात, पण कुणाला परत पाठवत नाहीत," थोरल्या सुताराने पुस्ती जोडली.

प्रत्येक वाक्यागणिक नबीलचा चेहरा गंभीर होत गेला आणि उस्मानचा फुलत गेला. उपचार होतो, तो रोज होतो, तो पुष्कळांवर होतो. उस्मानला जे सिद्ध करायला महिना लागला असता ते हितचिंतकांनी चहाचे रिकामे कप निवण्याच्या आत सिद्ध केले होते.

हेमचंद्र कळवळून म्हणाले, "अरे, माझ्या बाजूचे आहात ना? मग सांगा की गुण आला नाही म्हणून!"

"खोटं कसं बोलायचं साहेब?" धाकटा सुतार दुखावला. "तुमचेच उपकार विसरू?"

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

साक्षीदार जिन्यावरून आपापल्या आसऱ्याला पळाले. अनुराधाबाई व हाजरा झोपण्याच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी दाराला पट्टी लावून घेतली. चारही पुरुष शेजारच्या सामानाच्या कोठडीत कोंबले गेले, दाराखाली ओले टॉवेल दाबले गेले. तेव्हा कळले की नबीलचा वायूचा मुखवटा गाडीत राहिला आहे. उस्मान व नसरुद्दीन यांच्याकडे मुखवटा नव्हताच. बँकेने दिलेला हेमचंद्रांचा तेवढा तिथे होता.

"आपण पाहुणे," हेमचंद्रांनी तो नबीलपुढे धरला.

नबीलने छातीवर हात ठेवून नकार दिला. घर तुमचे, आयुष्य तुमचे.

"छे छे, आधी आपण."

"वल्ला, शक्य नाही."

"अहो, घ्या हो!"

जगात दोनच समाज असे आहेत की ज्यांना पुढे केलेली वस्तू पहिल्यांदा घेणे असभ्य वाटते, आणि दुर्दैवाने त्या कोठडीत दोन्ही उपस्थित होते. मुखवटा चौथ्यांदा माघारी जाताना हातांच्या मध्ये पडला. उस्मान तत्परतेने उचलायला वाकला.

"हाय अल्ला!" तो ओरडला. तो वाकलेलाच राहिला.

मग नसरुद्दीनच्या डोक्यात भलताच विचार आला. "साहेब, पायाळू मानसावर वीज पडते म्हणतात ना?"

"शुद्ध भाकडकथा!"

"तशी नाय, पन... वीज पडते, तर मग मिसाईल?"

त्याने ही शंका सवयीने, पायाळू म्हणजे काय या खुलाशासकट, अरबीतही सांगितली. नबील, नसरुद्दीन आणि वाकलेला उस्मान, तिघेही हेमचंद्रांपासून दूर सरकले. कोठडी लहान असल्यामुळे हे दूर म्हणजे वीतभरच होते, परंतु भावना स्पष्ट होती.

"भाईसाब," उस्मान जमिनीशी बोलत होता, "मेरी कमर गई. मारो!"

"मी?" हेमचंद्र ताठ झाले. "तुम्हीच तक्रार केली आहे. चौकशी चालू आहे. साक्षात निरीक्षक समोर उभे आहेत. विनापरवाना मी पाय उचलणार नाही."

"तक्रार वापस लेता हूँ!"

"मुळीच घेऊ नका. दुखण्याच्या भरात घेतलेली माघार दबावाखाली घेतली असं उद्या ठरेल."

भिंतीपलीकडून अनुराधाबाईंचा आवाज आला. "अहो, तत्त्वज्ञान नंतर! तो माणूस कण्हतोय! मारा की एक!"

हेमचंद्रांनी कपाळाचा घाम पुसला. "नसरुद्दीनभाई, निरीक्षकांना विचारा, त्यांची परवानगी आहे का. आणि या वेळी चहा नको, शब्दाला शब्द."

नसरुद्दीनने विचारले. नबील म्हणाला, "मी आलो आहे ते पाहायलाच. करू दे."

निरीक्षक येणार म्हणून घातलेला बूट हेमचंद्रांनी काढला. धुतलेला मोजा दिसला. त्यांनी पाय उचलला, आणि तळवा समोर येताच नबीलची भुवई कपाळावर गेली. ज्या देशात पायाचा तळवा नुसता कोणाकडे वळवून बसणे हा अपमान समजतात, तिथे तो तळवा एका वयस्क न्हाव्याच्या कमरेच्या दिशेने निघाला होता. नसरुद्दीनने डोळे मिटले. हेमचंद्र पुटपुटले, "क्षमा करा. याला शास्त्रीय आधार नाही." आणि पाय हाणला.

उस्मान सरळ झाला. तो इतका वेगाने सरळ झाला की त्याचे डोके फळीवर आपटले आणि खजुरांचा डबा खाली आला.

त्याच क्षणी भोंगा थांबला. ती चाचणी होती, असे रस्त्यावरून कोणीतरी ओरडून सांगितले.

सर्वजण बाहेर येऊन बसले. हेमचंद्रांना मुंबईचे विमान दिसू लागले, मग वाईचा घाट, मग घाटावर उभे राहून विचारणारे लोक. उस्मान मात्र बसला नव्हता. उभा राहून कमर डावीकडे, उजवीकडे फिरवून पाहत होता, आणि आपल्याला बरे वाटत आहे याचा त्याला राग येत होता.

शेवटी नबीलने पुस्तक उघडले. पाने चाळली. एका ठिकाणी बोट ठेवून त्याने उस्मानला विचारले, "हात लावला?"

"नाही."

"तेल?"

"नाही."

"पलंगावर, गादीवर, मेजावर निजवलं?"

"उभाच होतो. म्हणजे वाकलेला."

नबीलने पुस्तक मिटले आणि तो अरबीत दीर्घकाळ, हातवारे करून, अतिशय गंभीरपणे बोलला. हेमचंद्र श्वास रोखून ऐकत होते. बोलणे संपले तेव्हा नसरुद्दीनचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता.

"काय म्हणाले?"

"ही लात हाय, म्हनतात."

"एवढंच? ते इतकं बोलले!"

"बरं, शब्दाला शब्द घ्या. मालीश हातानं होते, तेलानं होते, निजवून होते. त्याला परवाना. इथं तसलं काय नाय. ही निव्वळ लात. लातेला परवाना नसतो, तक्रार असते, नि ती ज्यानं लात खाल्ली त्यानं करायची. ह्यानं तर मागून घेतली, नि मी सोता साक्षी. केस खलास."

स्वयंपाकघरातून हाजराची हर्षाची आरोळी ऐकू आली. अनुराधाबाईंनी नव्याने चहा टाकला. फक्त हेमचंद्रांच्या कपाळावर आठी होती.

"पण हाच तर माझा मुद्दा होता! व्याख्या वाचा, असं मी आरंभीच..."

"साहेब," नसरुद्दीनने हात जोडले, "जिंकलात. आता गप बसा."

उस्मान अस्वस्थ होता. त्याच्या मनात एक हिशेब चालला होता, आणि तो त्याच्या तोंडावर दिसत होता. चौकट, रक्ततपासणी, छातीचा फोटो, कचेऱ्यांचे उंबरठे; आणि समोरचा माणूस नुसता मोजा धुऊन मोकळा! तो नबीलपुढे गेला आणि अदबीने म्हणाला, "हुजूर, लाथेला परवाना नसेल तर उद्यापासून माझ्या दुकानात मीही लाथ मारली तर चालेल?"

प्रश्न कायद्याला धरून होता. नबील विचारात पडला. त्याने नसरुद्दीनला जवळ बोलावून हळू आवाजात काहीतरी विचारले. नसरुद्दीनने ते उस्मानला विचारले. उस्मान गोंधळून म्हणाला, "मला काय माहीत? सगळे जन्मतात तसाच. डोक्याकडून."

हे उत्तर नबीलपर्यंत पोचले. त्याने खजुरांच्या डब्यातला एक खजूर उचलला, बी काढली, खजूर तोंडात टाकला, आणि उठता उठता निर्णय दिला. तो नसरुद्दीनने सर्वांसाठी मोठ्याने सांगितला.

"इन्स्पेक्टरसाहेब म्हनतात, मग यानं हातच वापरावेत."